घोरणारे मूल आणि कूलरचा आवाज: टॉन्सिलचा त्रास नेमका कशाने मोजावा?

नागपुरात उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या, की अनेक घरांत एक जुनाच प्रश्न पुन्हा निघतो. मुलाचे टॉन्सिल वाढले आहेत, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले आहे, शाळा थेट जूनच्या अखेरीस उघडणार आहे, तेव्हा सुट्टीतच ते उरकून घ्यावे का? आजी म्हणते, वय वाढले की ते आपोआप जिरतात. शेजारी सांगतात, काढले की प्रतिकारशक्ती जाते. एक डॉक्टर काढा म्हणतात आणि दुसरे थांबा म्हणतात, आणि दोघांनीही डोकावलेले असते ते एकाच घशात. अशा वेळी दोघांपैकी एक नक्की चुकतो आहे, असे पालकांना वाटते. बहुतेकदा तसे नसते. घशात बॅटरी मारून जे दिसते, त्यात उत्तराचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा भाग मुलाच्या झोपेत, वर्गात, ताटात आणि घरच्यांच्या जागरणात असतो, आणि तो पालकांनी सांगितल्याशिवाय डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाही.

या उरलेल्या भागाला वैद्यकशास्त्रात ‘जीवनाची गुणवत्ता’ म्हणतात. मराठीत ‘जीवनमान’ म्हटले की पगार, घर आणि गाडी डोळ्यांपुढे येते, म्हणून या लेखात मी ‘जगण्याची प्रत’ असा शब्द वापरणार आहे. आजाराने मूल मरणार नसेल, पण त्याचे रोजचे खाणे, झोपणे, खेळणे, शिकणे आणि हसणे कितपत बिघडले आहे, याचा हिशेब म्हणजे जगण्याची प्रत. टॉन्सिलच्या बाबतीत बहुतेक निर्णय या हिशेबावरच घ्यावे लागतात.

आधी ओळख

तोंड उघडून आरशात पाहिले, की पडजिभेच्या दोन्ही बाजूंना मांसल गोळ्या दिसतात, ते टॉन्सिल. ॲडिनॉइड हे त्यांचेच भावंड असते, पण ते नाकाच्या अगदी मागे, मऊ टाळूच्या वर बसलेले असते, त्यामुळे तोंडातून दिसत नाही. ते पाहण्यासाठी नाकातून बारीक दुर्बीण घालावी लागते किंवा मानेचा बाजूने एक्स-रे काढावा लागतो. आपल्याकडे ‘टॉन्सिल वाढले’ असे सरसकट म्हटले जात असले, तरी लहान मुलांच्या त्रासाचा मोठा वाटा अनेकदा या न दिसणाऱ्या ॲडिनॉइडचा असतो. कोपनहेगनमधील विल्हेल्म मेयर या डॉक्टरांनी १८६८ साली त्याचे तपशीलवार वर्णन केले आणि कमी ऐकू येणे, नाक चोंदून बोलणे यांच्याशी त्याचा संबंध दाखवला.

दोन्हींचे काम चौकीदाराचे असते. नाका-तोंडावाटे येणाऱ्या जंतूंची ओळख पटवून शरीराला सावध करणे, हे त्यांचे कर्तव्य. बालवाडीत गेलेल्या मुलाला रोज नवे जंतू भेटतात, त्यामुळे ही चौकी त्याच वयात सर्वांत गजबजलेली आणि आकारानेही मोठी असते. साधारण तीन ते सात वर्षांच्या काळात ॲडिनॉइड जागेच्या मानाने सर्वांत मोठे असते आणि किशोरवयापर्यंत बरेचसे आक्रसते. तेव्हा लहान मुलाचे टॉन्सिल ‘मोठे दिसतात’, एवढ्यावरून ते आजारी ठरत नाही.

मोठे टॉन्सिल म्हणजे मोठा त्रास, असे का नाही?

इतवारीतील एखादी बोळ आठवून पाहा. दोन्ही बाजूंना हातगाड्या उभ्या आहेत. रहदारी अडेल की नाही, हे गाडी किती मोठी आहे यावर ठरत नाही. मधे उरलेला रस्ता किती आहे, यावर ठरते. ज्या बोळीची मूळ रुंदीच कमी, तिथे लहान गाडीही पुरते. घशाचेही तसेच आहे. टॉन्सिलच्या आकाराला डॉक्टर एक ते चार अशी श्रेणी देतात, पण त्या श्रेणीचा आणि मुलाच्या प्रत्यक्ष त्रासाचा मेळ दर वेळी बसत नाही. तिसऱ्या श्रेणीचे एक मूल शांत झोपते आणि दुसऱ्या श्रेणीचे दुसरे रात्रभर धडपडते. मुलाची जबड्याची ठेवण, नाकातील ॲलर्जी, वजन आणि स्नायूंचा ताण, हे सगळे त्या उरलेल्या रस्त्याची रुंदी ठरवतात.

रुंदी थोडीशी कमी झाली तरी फरक मोठा का पडतो, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. नळीची त्रिज्या कमी होते, तसा तिच्यातून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की अडथळा १६ पट होतो. मोठ्या माणसाला सर्दीत नाकाची जी सूज नुसती त्रासदायक वाटते, ती मुलाच्या अरुंद वाटेत श्वासच कोंडू शकते.

रात्री काय घडते?

जागेपणी घशाचे स्नायू ताठ राहून वाट उघडी ठेवतात. झोपेत ते सैलावतात. पातळ कागदी स्ट्रॉने घट्ट लस्सी जोरात ओढली, की स्ट्रॉच्या भिंती आत चिकटतात. अरुंद घशातून श्वास ओढणाऱ्या मुलाचे तेच होते. भिंती थरथरतात तेव्हा घोरणे ऐकू येते, आणि त्या पूर्ण चिकटतात तेव्हा काही सेकंद आवाजच थांबतो. छाती हलत असते, पोट वरखाली होत असते, पण हवा आत जात नाही. मग रक्तातील प्राणवायू घसरतो, मेंदू धक्का देतो, मूल दचकून कूस बदलते, एक मोठा श्वास घेते आणि पुन्हा झोपते. याला झोपेतील श्वसनरोध म्हणतात. मुलाला सकाळी यातले काहीही आठवत नाही. त्याच्या लेखी ते दहा तास झोपलेले असते.

हा रोध मुलांमध्ये स्वप्ने पडणाऱ्या झोपेच्या टप्प्यात अधिक होतो, आणि तो टप्पा रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असतो. म्हणून रात्री दहा वाजता डोकावून ‘काही घोरत नाही’ असा निर्वाळा देण्यात अर्थ नसतो. विदर्भात आणखी एक अडचण आहे, जी मुंबई-पुण्यात लिहिलेल्या सल्ल्यांत कधी सापडत नाही. मार्च ते जून आपण सगळे डेझर्ट कूलरच्या घरघरीत झोपतो. त्या आवाजात मुलाचे घोरणे तर बुडतेच, पण घोरण्यामधली ती शांतता, जी खरी धोक्याची खूण असते, तीही ऐकू येत नाही. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान थोडा वेळ कूलर बंद करून, मुलाच्या छातीपासून चेहऱ्यापर्यंतचा भाग दिसेल असा तीन-चार मिनिटांचा मोबाईल व्हिडिओ काढावा आणि तो डॉक्टरांना दाखवावा. झोपेची संपूर्ण तपासणी, ज्यात रात्रभर श्वास, प्राणवायू आणि मेंदूच्या लहरी नोंदवल्या जातात, ती प्रत्येकाला परवडणारी किंवा जवळ उपलब्ध असणारी नसते. हा व्हिडिओ तिची जागा घेत नाही, पण डॉक्टरांना दिशा देतो.

दिवसा त्याचे पडसाद कसे उमटतात?

झोप न झालेला मोठा माणूस पेंगतो. झोप न झालेले मूल मात्र अनेकदा उलट वागते: ते सैरभैर धावते, एका जागी बसत नाही, लहानशा कारणाने रडते, भावंडाला मारते. घरी त्याला ‘मस्तीखोर’ म्हणतात, शाळेच्या डायरीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा येतो, आणि या शेऱ्याचा संबंध नाकाच्या मागच्या गाठीशी असू शकतो, हे कोणाच्या मनातही येत नाही. अंथरूण ओले करण्याची सवय सुटलेली असताना ती पुन्हा सुरू होणे, हाही श्वसनरोधाचा एक परिणाम असू शकतो.

कानाचे प्रकरण तर अधिक फसवे आहे. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणाऱ्या नळीचे तोंड ॲडिनॉइडच्या शेजारीच असते. ते दबले, की मधल्या कानात चिकट पाणी साचते. त्यात दुखत नाही, कान वाहतही नाही, फक्त दोन्ही कानांवर तळहात ठेवल्यावर जसे ऐकू येते, तसे मुलाला सतत ऐकू येत राहते. अशा मुलाला हाक ऐकू येते, पण ‘पाटी काढ’ आणि ‘पाठी वाक’ यांतला फरक कळत नाही. त्यातून वर्गात पंख्याची खडखड असली आणि बाक शेवटचा असला, तर ते मूल ‘दुर्लक्षी’ ठरते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत तपासणीला येतात आणि कमी ऐकू येणे हे त्यांच्या यादीत आहे; ‘आमच्या पोराला दोनदा हाक मारावी लागते’ एवढे त्यांना सांगितले तरी पुढची वाट खुलते.

जेवणातही खुणा दिसतात. टॉन्सिल फार मोठे असले, की पोळीचा किंवा मटणाचा घास गिळणे जड जाते, नाक चोंदलेले असल्याने चघळणे आणि श्वास घेणे एकाच तोंडाने करावे लागते, म्हणून मूल तासभर ताटावर बसते किंवा फक्त वरण-भात मागते. गाढ झोपेत स्रवणारे वाढीचे संप्रेरक आणि रात्रभर श्वासासाठी खर्च होणारी शक्ती यांचाही त्याच्या वजनावर परिणाम होतो. सतत तोंड उघडे ठेवण्याने वर्षानुवर्षांत टाळू उंच होणे आणि दात पुढे येणे हेही घडू शकते.

जगण्याची प्रत मोजतात कशी?

या सगळ्या विखुरलेल्या तक्रारींना एका आकड्यात आणण्यासाठी प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. मुलांच्या श्वसनरोधासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली ‘ओएसए-१८’ या नावाने ओळखली जाते. तिच्यात १८ प्रश्न असतात, ते गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारलेले असतात, आणि ‘कधीच नाही’ साठी एक ते ‘सतत’ साठी सात असे गुण पालक देतात. त्यामुळे एकूण गुण १८ ते १२६ यांच्या दरम्यान येतात. ६० पेक्षा कमी असतील तर परिणाम सौम्य, ६० ते ८० मध्यम आणि ८० च्या वर असतील तर मोठा मानला जातो. प्रश्न पाच गटांचे आहेत: झोप, शारीरिक लक्षणे, मनःस्थिती, दिवसाचे वागणे आणि पालकांची काळजी.

मला यातला पाचवा गट सर्वांत मार्मिक वाटतो. मुलाच्या आजारामुळे तुम्हाला किती चिंता वाटते, तुमच्या कामाचा किती खोळंबा होतो, असे त्यात विचारलेले असते. आपल्याकडे रात्रभर मुलाच्या नाकाशी बोट धरून बसणाऱ्या आईच्या जागरणाची दखल सहसा कोणी घेत नाही. इथे त्या जागरणाला गुण आहेत.

पण हे तर पालकांचे मत झाले, पुरावा कुठे आहे?

ही शंका रास्त आहे. पालकांनी भरलेल्या गुणांवरून श्वसनरोध किती तीव्र आहे, हे खात्रीने सांगता येत नाही; ते झोपेच्या तपासणीचे काम आहे. मात्र दोन्ही मोजमापे एकत्र ठेवल्यावर काय दिसते, हे अमेरिकेत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवले. पाच ते नऊ वर्षांच्या ४६४ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाचे ऑपरेशन लगेच झाले, दुसऱ्या गटावर फक्त लक्ष ठेवले, आणि सात महिन्यांनी दोन्ही गट तपासले. एकाग्रता आणि नियोजनशक्तीच्या चाचणीत ठळक फरक पडला नाही. परंतु लक्षणे, वागणूक आणि जगण्याची प्रत यांत ऑपरेशन झालेली मुले स्पष्टपणे पुढे गेली. झोपेची तपासणी ऑपरेशनच्या गटात ७९ टक्के मुलांची सामान्य झाली, आणि नुसत्या थांबलेल्या गटातही ४६ टक्के मुलांची झाली.

या दोन टक्केवाऱ्यांकडे जरा रेंगाळून पाहावे, कारण आजी आणि डॉक्टर दोघांनाही त्यात आधार सापडतो. थांबलेल्यांपैकी जवळजवळ निम्मी मुले शस्त्राविना सुधारली, हे खरे. आणि ऑपरेशन झालेल्यांपैकी दर पाचातील एका मुलाची तपासणी तरीही सामान्य झाली नाही, हेही खरे. शिवाय प्राणवायू फारच घसरणारी मुले या चाचणीत घेतलेली नव्हती, त्यामुळे ‘निम्मी आपोआप बरी होतात’ हे वाक्य त्यांना लावता येत नाही. कोणत्या मुलाचे ऑपरेशन झाले, हे पालकांना ठाऊक होते, तेव्हा त्यांच्या उत्तरांत थोडी आशा मिसळलेली असणार, हेही मान्य केले पाहिजे. ‘ऑपरेशननंतर मार्क वाढतील’ असे आश्वासन कोणी देत असेल, तर त्याला मात्र या चाचणीचा आधार नाही.

वारंवार घसा धरणाऱ्या मुलाचे काय?

हा वेगळा प्रश्न आहे, कारण इथे वाट अडलेली नसते, चौकीवरच पुन्हा पुन्हा हल्ला होत असतो. त्यासाठी ७-५-३ असा एक ढोबळ नियम आहे: गेल्या एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा टॉन्सिलचा खरा दाह झाला असेल, तर ऑपरेशनचा विचार करावा. ‘खरा’ म्हणजे ताप, गळ्याच्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे डाग किंवा जंतूंची तपासणी सकारात्मक, यांपैकी काही तरी नोंदलेले असावे. नुसती सर्दी-खवखव या मोजणीत धरत नाहीत. म्हणून तारखांची वही ठेवावी. आठवणीवर मोजलेल्या वेळा नेहमी फुगतात. स्ट्रेप्टोकोकस या जंतूने होणारा दाह अपुऱ्या औषधामुळे संधिवाताच्या तापापर्यंत आणि हृदयाच्या झडपांपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रतिजैविकांचा कोर्स ताप उतरला म्हणून मधेच सोडू नये.

याच ठिकाणी संत्र्याची बाजू मांडणे नागपूरकर म्हणून मला भाग आहे. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात बाजारात येतात आणि सर्दी-खोकल्याचा हंगामही तोच असतो, त्यामुळे बिचाऱ्या संत्र्यावर आळ येतो. टॉन्सिलचा दाह जंतू आणि विषाणू करतात. एखाद्या मुलाला आंबट खाल्ल्यावर सुजलेला घसा झोंबत असेल तर तेवढे दिवस टाळावे, हे ठीक; पण वर्षभर संत्रे नाही, गोळा नाही, आईस्क्रीम नाही, वाढदिवसाला पाठवायचे नाही, मामाकडे राहायचे नाही, अशी मनाईची भिंत उभी केली, तर जगण्याची प्रत टॉन्सिलपेक्षा आपणच अधिक बिघडवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा मिरवत रोगराईला ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून आपण गावाबाहेर धाडतो; मुलाचे बालपण तिच्याबरोबर धाडू नये.

आपोआप जिरणार असतील, तर थांबायला काय हरकत आहे?

अनेकांनी थांबावे, हेच उत्तर आहे. सौम्य घोरणे, प्रश्नावलीचे कमी गुण, सामान्य वाढ आणि शाळेत ठीकठाक वागणे, असे चित्र असेल तर काही महिने वाट पाहणे शहाणपणाचे आहे. कानातील पाणीही अनेक मुलांत तीन महिन्यांत ओसरते. या काळात ॲलर्जी असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा उपयोगी पडतो. त्याचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. त्याची मात्रा अल्प असते आणि काम बहुतांश नाकापुरतेच असते. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर ती बंद करणे हा वाट पाहण्याचाच एक भाग आहे. मात्र श्वास थांबताना दिसणे, झोपेत ओठ निळसर पडणे, वजन न वाढणे किंवा सततचे कमी ऐकू येणे, यांत थांबण्याची किंमत मोठी असते, कारण ‘बाराव्या वर्षी जिरेल’ म्हणून सोडलेली पाच ते बारा ही वर्षे भाषा, शिक्षण आणि वाढीची असतात.

काढल्यावर प्रतिकारशक्ती जाते का?

चौकी एकच नसते. घशातच अशा ऊतींचे एक कडे असते, आणि मान, आतडी, प्लीहा मिळून शरीरभर पहारा असतो, त्यामुळे ऑपरेशननंतर मूल उघडे पडते असे दिसलेले नाही. डेन्मार्कमधील सुमारे १२ लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ च्या एका अभ्यासात टॉन्सिल-ॲडिनॉइड काढलेल्यांना पुढे श्वसनाचे काही आजार अधिक झालेले आढळले, आणि त्याची बरीच चर्चा झाली. पण ज्यांचे ऑपरेशन झाले ती मुले मुळातच अधिक आजारी असण्याची शक्यता अशा नोंदींतून पूर्ण वगळता येत नाही. त्यातून घ्यायचा बोध एवढाच, की कारण नसताना काढू नये. कारण नसताना काढण्याचा इतिहास मोठा आहे: १९३४ साली न्यूयॉर्कमध्ये ११ वर्षांच्या १,००० मुलांची पाहणी झाली, त्यांतील ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्यांना डॉक्टरांनी तपासले तेव्हा जवळपास निम्म्यांना ऑपरेशन सुचवले गेले. ज्यांना ‘गरज नाही’ म्हटले, त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवले, तर त्यांच्यातीलही जवळपास निम्म्यांना पुन्हा ऑपरेशनच सुचवले गेले. नुसत्या डोळ्यांनी घसा पाहून निर्णय घेतला की असे होते.

ऑपरेशन ठरलेच, तर

ते पूर्ण भूल देऊन तोंडातूनच करतात, बाहेर टाका दिसत नाही. खरी कसोटी नंतरच्या दहा-बारा दिवसांची असते. टॉन्सिलच्या जागी पांढरट साय धरते. ती पू नसते, खपलीच असते. कान दुखतो, पण दोष कानाचा नसतो, घशाची वेदना त्याच नसेच्या वाटेने कानात जाणवते. वेदनाशामक औषध ठरलेल्या वेळी द्यावे, म्हणजे मूल गिळते आणि पाणी पिते. ॲस्पिरिन आणि कोडीन असलेली औषधे मुलांना देऊ नयेत. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, त्यामुळे सुट्टीतल्या ऑपरेशनमध्ये पाणी कमी पडण्याचा धोका इतर ऋतूंपेक्षा जास्त असतो. दर तासाला दोन-चार घोट, थंड दूध, नारळपाणी, जे जाईल ते द्यावे, आणि लघवी कमी झाली तर फोन करावा.

खपली सुटते ती साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी, आणि थोड्या मुलांना तेव्हा रक्तस्राव होतो. मेडिकल, मेयो किंवा एम्स या नागपुरातील मोठ्या रुग्णालयांत गडचिरोली, मेळघाट, बालाघाट, छिंदवाड्याहून मुले येतात, तिसऱ्या दिवशी बरी दिसतात आणि गावी परततात. शक्य असेल तर हे दहा दिवस नागपुरातील नातेवाइकांकडे काढावेत. थुंकीत ताजे लाल रक्त दिसले, तर ‘सकाळी पाहू’ असे न म्हणता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

तीन महिन्यांनी तीच १८ प्रश्नांची यादी पुन्हा भरावी आणि पहाटेचा तोच व्हिडिओ पुन्हा काढावा. वजन जास्त असलेल्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या किंवा ॲलर्जीच्या मुलांत घोरणे उरू शकते, आणि ते उरले असेल तर झोपेची तपासणी करून पुढचा उपचार ठरवावा लागतो. बारीक मुलाचे वजन या काळात भरभर वाढते, ते बरे. आधीच वजनदार असलेल्या मुलाच्या ताटाकडे मात्र डॉक्टर त्या भेटीत मुद्दाम लक्ष देतात, कारण नव्याने साठलेली चरबी मोकळी झालेली वाट पुन्हा अरुंद करू शकते.